पुण्याहून लेहला गाडीने: फोटोसाठी कुठे थांबायचं, आणि किती वाजता

पुणे-लेह म्हटलं की लोक आधी विचारतात गाडी कुठली, टायर कसे, सुट्टी किती दिवसांची, आणि फोटोंचं काय म्हटलं तर "वाटेत दिसेल तिथे थांबू की". आम्हीही पहिल्या वेळी हेच केलं. जून महिना होता, मनालीमार्गे साधारण चोवीसशे किलोमीटर, आणि घरी येऊन कार्ड रिकामं करायला बसलो तर तीन-चतुर्थांश फोटो दुपारी अकरा ते तीनमधले, पांढरंफटक आभाळ आणि डोळे बारीक केलेली माणसं. जागा सगळ्या बरोबर होत्या हो, पण एकाही जागी बरोबर वेळेला पोचलो नव्हतो. दुसऱ्यांदा सप्टेंबरात गेलो ते गणित उलटं मांडून गेलो, म्हणजे आधी ठरवलं की अमुक ठिकाणी अमुक वाजता उभं राहायचं आणि मग त्याप्रमाणे गाडी कधी काढायची ते.

तर पहिली गोष्ट, दिवसातले फोटोचे तास तीन-चारच असतात. उगवल्यापासून दीड-दोन तास, मावळायच्या आधी तेवढेच, आणि मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटं जो निळा उजेड राहतो तो बोनस. मधला सगळा वेळ गाडी चालवायला, जेवायला, पेट्रोल भरायला. एका दिवसाला एक सकाळची जागा आणि एक संध्याकाळची जागा, बस. तिसरी घुसवली की तिन्ही बोंबलतात.

दुसरी गोष्ट दिशेची, आणि इथेच बहुतेक जण फसतात. जिथे जायचं ती वास्तू किंवा तो डोंगर कुठल्या दिशेला तोंड करून उभा आहे ते घरी बसून सॅटेलाइट मॅपवर बघून ठेवा, मॅपची उत्तर वर ठेवून. मग त्या महिन्यात सूर्य कुठे असतो ते बघा. शाळेत भूगोलात शिकलो आणि विसरलो, पण उन्हाळ्यात तो ईशान्येकडे उगवून वायव्येकडे मावळतो, हिवाळ्यात आग्नेयेकडून नैर्ऋत्येकडे, आणि सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला जवळपास बरोबर पूर्व-पश्चिम. फोटोपिल्स किंवा सन सर्वेयरसारखं अ‍ॅप हे मॅपवर रेघ मारून दाखवतं, पण एकदा डोक्यात बसलं की अ‍ॅपही लागत नाही.

आमचा महेश्वरचा किस्सा सांगतो म्हणजे कळेल. अहिल्याबाईंचा किल्ला आणि तो सगळा घाट नर्मदेच्या उत्तर काठावर, म्हणजे तोंड दक्षिणेला. जूनमध्ये आम्ही पहाटे पाचला घाटावर हजर, म्हटलं आता सोनेरी ऊन भिंतीवर येईल मग येईल. सात वाजले, आठ वाजले, भिंत काळीच. संध्याकाळीही तेच. नंतर डोक्यात ट्यूब पेटली की महेश्वर कर्कवृत्ताच्या खाली आहे, पुण्यात मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो ना, त्यानंतर काही आठवडे सूर्य डोक्याच्या उत्तरेकडून जातो, तसंच इथे जूनमध्ये होतं, म्हणजे त्या दक्षिणेकडच्या भिंतीला दिवसभर ऊन लागतच नाही! सप्टेंबरात गेलो तर सूर्य दक्षिणेकडे कललेला, सकाळी आडवं ऊन आलं आणि प्रत्येक दगडाची, प्रत्येक कमानीची सावली उठून दिसली. तीच जागा, तोच कॅमेरा.

आता कधी निघायचं. माझं मत विचाराल तर अनंत चतुर्दशीला बाप्पांना पोचवायचं आणि एक-दोन दिवसांत गाडी काढायची. कारण सांगतो. महाराष्ट्र आणि माळवा हिरवागार असतो, लडाखचं आभाळ धुतल्यासारखं असतं, आणि तिसरं म्हणजे चंद्र. पौर्णिमेनंतर निघालात की तुम्ही उत्तरेला सरकता तसा चंद्र रोज उशिरा उगवतो. संकष्टीला ताटावर बसून चंद्रोदयाची वाट बघणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, चतुर्थीला नऊच्या आसपास आणि अष्टमी-नवमीला मध्यरात्रीकडे. म्हणजे आठव्या-नवव्या दिवशी तुम्ही लाहौलमध्ये, म्हणजे मनालीपलीकडच्या डोंगराळ भागात असाल तेव्हा संध्याकाळी सात-आठपासून आभाळ काळंकुट्ट मिळतं आणि आकाशगंगेचा भरीव भाग नैर्ऋत्येला उभा असतो. सर्वपित्री अमावास्येला लेहच्या आसपास असलात तर मग बघायलाच नको. घरातल्या मोठ्यांना पितृपक्षात प्रवास नको वाटतो, ते तुमचं तुम्ही बघा. फक्त एक, अधिक महिना येऊन गेलेल्या वर्षी गणपती उशिरा असतात, मग हे सगळं ऑक्टोबरात सरकतं आणि वरच्या भागात थंडी कडक आणि तंबूवाले गाशा गुंडाळून गेलेले, त्या वर्षी भिंतीवरचं कालनिर्णय आधी बघा आणि चंद्राचा हट्ट सोडा.

वाटेतले थांबे आता. पुण्याहून पहाटे चारला निघून अहिल्यानगर-शिर्डी-येवला करत मनमाडकडे गेलात तर साडेआठच्या आसपास अंकाई-टंकाई किल्ल्यांची जोडी दिसते आणि पुढे हडबीची शेंडी, ज्याला सगळे थम्सअप म्हणतात. रस्त्यावरून कुठूनही दिसते पण हायवेच्या कडेला गाडी लावू नका, आतल्या शेतरस्त्याला वळा, बाजरीचं उभं शेत पुढे आणि मागे तो सुळका असं घ्या. शेतात पाय टाकायच्या आधी मालकाला हाक मारा, बहुतेक जण चहाच विचारतात. अर्धा तास पुरे, कारण पुढे मालेगाव, धुळे, सेंधवा असं करत चार-साडेचारला महेश्वरला पोचायचंय.

महेश्वरला संध्याकाळी होडी करा. मधोमध पाण्यात बाणेश्वराचं छोटं देऊळ आहे, मावळतीच्या वेळी त्याची काळी आकृती आणि मागे नारिंगी पाणी, हा फोटो मोबाइलवरही येतो, फक्त आभाळावर बोट ठेवून उजेड कमी करा. नर्मदेला पाणी जास्त असेल तर नावा बंद असतात, मग घाटाच्या पायऱ्यांवरूनच. सकाळी मात्र घाट लोकांचा असतो, स्नान, पूजा, कपडे धुणं. तिथे बायका आंघोळ करत असताना लांबची लेन्स लावून बसणारे महाभाग मी पाहिलेत, कृपा करून तसले होऊ नका. एखाद्या आजींशी दोन शब्द बोला, मग विचारून काढा. आणि हो, येवल्याच्या पैठणीच्या गावातून निघून महेश्वरीच्या गावात मुक्काम होतो, त्यामुळे बायको बरोबर असेल तर फोटोचा एक तास हातमागावर जाणार हे गृहीत धरा. तिथेही फोटो मस्त मिळतात, खिडकीतून येणारा उजेड आणि सूत. विणणाऱ्याला विचारून.

मांडू तिथून तास-दीड तासावर. पावसाळ्यानंतर मांडू म्हणजे अक्षरशः ढगात. रूपमती मंडप दक्षिणेच्या कड्याच्या टोकावर आहे, खाली निमाडचं मैदान आणि हवा स्वच्छ असेल तर लांबवर नर्मदेची रेघ. इथे संध्याकाळ करा. दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज महाल, त्याच्या दोन्ही बाजूंना तलाव, पूर्वेला कपूर आणि पश्चिमेला मुंज, त्यामुळे सकाळी पूर्वेकडून घ्यायचा. तवेली महालाच्या वरून त्याची सगळी लांबी एका फ्रेममध्ये येते. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये ट्रायपॉडला परवानगी लागते, म्हणून मी कठड्यावर ठेवायला तांदूळ भरलेली कापडी पिशवी नेतो, घरी शिवलेली, तिला कोणी काही म्हणत नाही. मांडूत बाहेर पडताना गोरखचिंचेची ती पोट सुटलेली झाडं चुकवू नका, खोडाजवळ माणूस उभा केल्याशिवाय आकार कळत नाही.

मांडू ते ग्वाल्हेर हा नुसता रेटायचा दिवस आहे, इंदूर, गुना, शिवपुरी. फोटोचा विचार सोडा आणि गाणी लावा. ग्वाल्हेरला दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला, मानमंदिर महालाची पूर्वेकडची भिंत कड्यावरच उभी आहे, निळ्या टाइल्स आणि त्यावर पिवळी बदकं, सकाळचं ऊन थेट तिच्यावर पडतं. गाडीने वर जाऊ नका, ग्वाल्हेर गेटने पायी चढा म्हणजे खालून वर बघत तो फोटो मिळतो. मग मुरैना सोडलं की चंबळचा पूल. पुलावर थांबायचं नाही म्हणजे नाही, ट्रक कशे येतात तिथे. पूल ओलांडायच्या आधी किंवा नंतर सुरक्षित जागी थांबून बीहड बघा, पावसानंतर त्या घळ्यांवर हिरवी लव असते. मगरी-सुसरी बघायच्या तर हिवाळ्यात यावं लागतं, पावसाळ्यात बोटी बंद.

आग्र्याला ताजच्या आत जायची हौस असेल तर जा (शुक्रवारी बंद असतो), पण संध्याकाळसाठी यमुनेपलीकडचं मेहताब बाग बरं. तिथून ताजची उत्तर बाजू दिसते, म्हणून डिसेंबरात गेलात तर सूर्य ताजच्या मागच्या अंगाला आणि फोटो काळपट, उन्हाळ्यात मात्र संध्याकाळी तिरपं ऊन त्या बाजूला मिळतं. सप्टेंबरात उजवीकडून येतं, अर्धी बाजू उजेडात आणि अर्धी सावलीत, मला ते जास्त आवडतं. महेश्वरचंच गणित, फक्त उलटं.

पुढे चंदीगडपर्यंत सांगण्यासारखं फार नाही. पानिपतला काला अंबच्या स्मारकाशी मराठी माणूस थांबतोच, १४ जानेवारी १७६१, फोटोसाठी तिथे खास काही नाही पण थांबल्याशिवाय गाडी पुढे जात नाही हेही खरं. चंदीगड-मनाली रस्त्यात आता बोगदे बरेच झालेत, वेळ वाचतो आणि बघायचं कमी होतं. मंडी ते कुल्लू भागात पावसाळ्याच्या शेवटी दरडी येतात, तिथे फोटोसाठी कड्याखाली गाडी लावणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

खरी मजा अटल टनेलनंतर. ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला. आत थांबायला बंदी आहे, पण मनालीच्या बाजूने शिरताना ढग, देवदार, ओला रस्ता आणि पलीकडे बाहेर पडलात की कोरडे डोंगर आणि निळं आभाळ, दहा-बारा मिनिटांत ऋतूच बदलतो. पीरपंजाल पावसाला अडवतो, आपल्याकडे महाबळेश्वर ओलं आणि फलटण कोरडं तसंच. हे दाखवायचं तर दोन्ही तोंडांपासून थोडं पुढे जाऊन सुरक्षित जागी एक-एक फोटो घ्या आणि शेजारी शेजारी लावा. पुढे सिस्सूला नदीपलीकडे उंच धबधबा दिसतो.

मग तांडी. इथे चंद्रा आणि भागा भेटतात आणि नदीचं नाव होतं चंद्रभागा, पुढे जाऊन तीच चिनाब. आमच्या आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर तिने पंढरपूर समजून आधी हातच जोडले. दोन्ही पाण्यांचे रंग बऱ्याचदा वेगळे दिसतात, वरच्या रस्त्यावरून पोलरायझर लावून घेतलात तर पाण्यावरची चकाकी जाते आणि फरक कळतो. आणि पेट्रोल! तांडीच्या पंपावरची "पुढचा पंप ३६५ किलोमीटर" अशी पाटी प्रसिद्ध आहे, तिचा फोटो सगळेच काढतात, तुम्ही टाकीही भरा.

जिस्पाला दोन रात्री काढा, भागा नदीच्या काठी. उंची सव्वातीन हजार मीटरच्या आसपास, शरीराला सवय होते आणि रात्री आकाश. सेटिंग विचारतात म्हणून सांगतो, सर्वात रुंद लेन्स, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) ३२००, वीस सेकंद, फोकस हाताने एखाद्या ठळक ताऱ्यावर. मोबाइलला नाइट मोड आणि दगडावर टेकवून टायमर लावा, हाताने बटण दाबलं की हललाच. जास्तीच्या बॅटऱ्या रात्री पांघरुणात घेऊन झोपा, थंडीत उघड्यावर ठेवलेली फुल बॅटरी सकाळी अर्धी दाखवते.

जिस्पाहून पहाटे अंधारात निघायचं, हे फोटोसाठी आणि जिवासाठी दोन्हीसाठी. दीपक ताल आणि बारालाचा खिंडीखालचा सूरज ताल सकाळी आरशासारखे असतात, दहा-अकरानंतर वारा सुटला की प्रतिबिंब गेलं. आणि दुपारी बर्फ वितळून नाल्यांना पाणी चढतं, सकाळी घोट्याएवढं असलेलं दुपारी गाडीच्या दाराला लागतं. बर्फ फ्रेममध्ये जास्त असेल तर कॅमेरा फसतो आणि बर्फ राखाडी येतो, उजेड मुद्दाम एक स्टॉप, म्हणजे दुप्पट वाढवा.

सरचूला राहायचं की नाही यावर आमच्यात अजून भांडण आहे. सूर्यास्ताला नदीने कापलेल्या त्या उभ्या कडांवर जो रंग येतो तो मी दुसरीकडे पाहिला नाही, पण उंची ४,२०० मीटरच्या वर, आणि पहिल्या वेळी मी रात्रभर डोकं धरून बसलो होतो, ट्रायपॉड गाडीतून काढलाच नाही. जिस्पाला दोन रात्री तब्येत ठणठणीत असेल तरच राहा. डोकं दुखतंय, ओकाऱ्या होतायत तर फोटो गेला खड्ड्यात, खाली उतरा.

गाटा लूप्सची २१ वळणं खालून काही दिसत नाहीत, सगळ्यात वर पोचून गाडी बाजूला लावा आणि पायी कडेपर्यंत जाऊन खाली बघा. एखादा ट्रक वळणावर येईपर्यंत थांबा, त्याच्याशिवाय त्या रस्त्याचं माप कळत नाही. वाटेत एका जागी पाण्याच्या बाटल्यांचा ढीग दिसेल, तिथे अडकून तहानेने गेलेल्या ट्रकच्या क्लीनरची गोष्ट सांगतात आणि ड्रायव्हर लोक बाटली ठेवूनच पुढे जातात.

पांगनंतर मोरे प्लेन्स, घाट चढून आलात की एकदम चाळीसेक किलोमीटर सपाट. इथे दुपारच होते, टाळता येत नाही, म्हणून मी इथे दुपारचेच फोटो घेतो, ढगांच्या सावल्या जमिनीवरून सरकतात त्यांचे. लांबची लेन्स लावा, क्यांग म्हणजे तिथली रानगाढवं दिसू शकतात, चांगपा लोकांच्या शेळ्या-मेंढ्यांचे कळप दिसतात. गाडी रस्ता सोडून मैदानात घालू नका, ते चाकाचे चरे वर्षानुवर्षं राहतात. आणि धूळ! लेन्स बदलायची तर गाडीत काचा लावून, पंखा बंद करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून.

चालत्या गाडीतून काढायचे असतील तर डॅशबोर्डवर काळं कापड टाका म्हणजे काचेत प्रतिबिंब येत नाही, लेन्स काचेच्या अगदी जवळ पण न टेकवता, शटर १/१००० सेकंदापेक्षा जलद. आणि ड्रायव्हरने बघायचंच नाही. मागच्या सीटवरच्या एकाला काम द्या, जागा दिसली की तो ओरडणार आणि ड्रायव्हर पुढे सपाट रुंद जागा बघून थांबणार, मग दोनशे मीटर मागे चालत या. त्या उंचीवर दोनशे मीटरलाही धाप लागते ते वेगळं. लष्कराचे ताफे, छावण्या, पूल यांच्याकडे कॅमेरा वळवू नका, ड्रोन तर घरीच ठेवा. बाहेरची प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड घ्या आणि मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा.

तांगलांग ला ही खिंड, ५,३०० मीटरच्या वर, पाटीबरोबर फोटो, पाच मिनिटं आणि खाली. रुमत्सेपासून उपशीपर्यंत डोंगर जांभळे-तांबडे होतात, आणि इथे सूर्य पंचांगापेक्षा तासभर आधीच डोंगराआड जातो हे लक्षात ठेवा. हात लांब करून सूर्य आणि डोंगराची कड यांच्यामध्ये बोटं धरा, एका बोटाला साधारण पंधरा मिनिटं. दोन बोटं उरली असतील तर तिथेच थांबा, पुढच्या वळणावर याहून भारी मिळेल म्हणून गेलात की अंधार.

ठिकसे मठ लेहच्या अलीकडेच लागतो पण त्याच संध्याकाळी घाईत काढू नका. लेहला जाऊन झोपा, दोन दिवसांनी पहाटे परत या, खालच्या शेतांच्या बाजूला उभे राहा, तेव्हा सकाळचं ऊन मठाच्या समोरून येतं, आधी वरचा मजला उजळतो आणि मग ते हळूहळू पांढऱ्या घरांवरून खाली उतरत येतं, सगळं मिळून वीसेक मिनिटं. चहाचा थर्मास न्या, हातमोजे न्या, आणि पहिली दहा मिनिटं फक्त वरच्या टोकाला लेन्स लावून ठेवा.